जुन्या लेन्स, नवे कॅमेरे आणि ॲपर्चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी लेन्स लावली की कॅमेऱ्यावर ॲपर्चरचा आकडा ‘एफ ००’ किंवा नुसत्या रेघा दिसतात. काही बिघडलंय का?

काहीच बिघडलेलं नाही. आजची लेन्स विजेच्या संपर्कबिंदूंमधून बॉडीला आपली माहिती कळवते: फोकल लेंथ किती, ॲपर्चर (पाकळ्यांनी लहान-मोठं होणारं प्रकाशाचं भोक; एफ-आकडा जितका मोठा तितकं ते लहान) किती. जुन्या लेन्सला असं काही सांगताच येत नाही. लेन्स लागली आहे हेसुद्धा बॉडीला कळत नाही, म्हणून रेघा. ॲपर्चर लेन्समध्ये असतंच आणि ते नीट कामही करतं, फक्त त्याची सूत्रं आता कॅमेऱ्याच्या डायलकडे नसून तुमच्या बोटांकडे असतात.

शटर दाबलं तरी फोटोच निघत नाही. असं का?

वरच्याच कारणामुळे. लेन्स नाही असं समजून बॉडी शटर सोडत नाही. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी देणारा पर्याय शोधा. सोनीत तो ‘रिलीज विदाउट लेन्स’ या नावाने सापडतो, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’. कॅननमध्ये आणि इतरत्रही थोड्याफार फरकाने हाच पर्याय आहे. एकदा चालू केला की विसरून जा.

मग ॲपर्चर बदलायचं कसं?

याचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं: तुमच्या लेन्सच्या पाकळ्या कोण मिटतं? हात, कांडी की वीज? बहुतेक गोंधळ हा प्रश्न न विचारल्यामुळे होतो.

हाताने म्हणजे रिंग फिरवली की पाकळ्या त्याच क्षणी हलतात, मध्ये दुसरं काही नाही. लायकाच्या ३९ मिमी आट्याच्या आणि १९५४ पासूनच्या एम माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) रेंजफाइंडर लेन्स अशा आहेत. जुन्या एसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या ‘प्रीसेट’ लेन्सही याच गटात येतात.

कांडीने म्हणजे रिंगवर आकडा निवडला तरी पाकळ्या लगेच मिटत नाहीत. व्ह्यूफाइंडर उजळ राहावा म्हणून लेन्स पूर्ण उघडी असते. शटर दाबल्यावर बॉडीतली एखादी कांडी किंवा पट्टी लेन्सच्या पाठीमागचा दांडा ढकलते किंवा सोडते आणि फोटोपुरत्या पाकळ्या मिटतात. साठच्या दशकापासून ऑटोफोकस येईपर्यंतच्या बहुतेक एसएलआर लेन्स या जातीच्या आहेत: एम४२ (४२ मिमी आट्याचा माउंट), निकॉन एफ, कॅनन एफडी, पेंटॅक्स के, मिनोल्टा एमडी. ऑटोफोकस आल्यावरही निकॉन, पेंटॅक्स आणि मिनोल्टाने कांडी लगेच सोडली नाही.

विजेवर म्हणजे लेन्सच्या आतच एक छोटी मोटर आहे. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणला तेव्हापासून त्यांच्या लेन्समध्ये हीच पद्धत आहे. वीज नाही तर पाकळ्या जागच्या हलत नाहीत.

कुठली जात आहे ते ओळखायला लेन्स खिडकीसमोर धरून आरपार बघा. रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. भोक लहान-मोठं होताना दिसलं तर निम्मं काम झालं. दिसलं नाही तर लेन्सची पाठ बघा. तिथे छोटी पिन किंवा वाकडी कांडी असेल. ती बोटाने हलकेच दाबा किंवा सरकवा. पाकळ्या मिटल्या तर अडॅप्टरलाही (लेन्स आणि बॉडी जोडणाऱ्या कड्याला) नेमकं हेच काम करावं लागणार आहे.

मिररलेस कॅमेऱ्यावर हे सगळं सोपं असतं म्हणतात. ते का?

दोन कारणं आहेत. पहिलं जागेचं. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे माउंटच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर फार कमी असतं: निकॉन झेड १६ मिमी, सोनी ई १८, कॅनन आरएफ २०. जुन्या एसएलआर लेन्सना मात्र साधारण ४२ ते ४६.५ मिमी अंतर लागतं. उरलेल्या जागेत पोकळ नळीसारखा अडॅप्टर आरामात बसतो आणि अनंतापर्यंत फोकसही मिळतो.

दुसरं कारण ॲपर्चरशी थेट जोडलेलं आहे. लेन्स मिटली की डीएसएलआरचा (डिजिटल एसएलआरचा) ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर काळोखा होतो. मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर चित्र वाढवून उजळ दाखवतो, त्यामुळे एफ/८ वर मिटलेल्या लेन्समधूनही नीट दिसतं. फार अंधारात तो दाणेदार आणि आळशी होतो एवढंच. सुरुवात करायची असेल तर मिररलेसवरच करा, असं मी बिनदिक्कत सांगेन.

एक्सपोजर मोजायचं कसं? कॅमेऱ्याला तर ॲपर्चर माहीत नाही.

माहीत असायची गरजच नाही. सेन्सरवर पडणारा प्रकाश मोजायला आकडा कशाला हवा? मोड डायल ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर (ॲपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं) ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तूर्त एका आकड्यावर पक्का करा आणि रिंग फिरवून बघा. एफ/२ ला शटर १/१००० येत असेल तर एफ/४ ला १/२५० आणि एफ/८ ला साधारण १/६० येईल. तुम्ही प्रकाश कमी केलात, कॅमेऱ्याने शटर लांबवून भरपाई केली. याला ‘स्टॉप डाउन मीटरिंग’ म्हणतात.

‘एम’ मोड आणि ऑटो आयएसओ ही जोडीही उत्तम. ॲपर्चर हाताने, शटर तुमच्या मर्जीने आणि बाकीचं आयएसओ सांभाळतो. चालत्या माणसांचे फोटो काढताना मला हीच पद्धत बरी वाटते. कारण ‘ए’ मोडमध्ये रिंग एफ/११ वर गेल्याचं लक्षात राहत नाही आणि शटर गुपचूप १/१५ वर उतरतं. ‘पी’ मोडला इथे काही अर्थ नाही, कारण कॅमेरा जे ॲपर्चर बदलायला बघेल ते त्याच्या हातातच नाही.

प्रीसेट लेन्सवर दोन रिंगा असतात. दोन्हींवर ॲपर्चरच?

हो, पण कामं वेगळी. हेलिओस ४४-२ ही ५८ मिमी एफ/२ ची सोव्हिएत लेन्स याचं सगळ्यात परिचित उदाहरण. एक रिंग टक् टक् करत फिरते आणि तिच्यावर आकडे असतात. तिने फक्त मर्यादा ठरते, म्हणजे ‘एफ/५.६ च्या पुढे मिटायचं नाही’ एवढंच. दुसरी रिंग लोण्यासारखी, आवाज न करता फिरते. पाकळ्या खरोखर उघडते-मिटते ती हीच. पहिली एफ/५.६ वर ठेवा, दुसरी पूर्ण उघडा, फोकस करा, मग नजर न हलवता दुसरी अडेपर्यंत फिरवा. बरोबर एफ/५.६ ला ती थांबते.

फिल्मच्या जमान्यात ही पद्धत कटकटीची वाटायची, म्हणूनच कांडीवाल्या लेन्स आल्या. मिररलेसवर मात्र प्रीसेट लेन्स सर्वांत सुटसुटीत ठरतात. अडॅप्टरला पिन लागत नाही, बिघडायला फारसं काही नाही, आणि पहिली रिंग उघड्या टोकाला न ठेवता बारीक भोकाच्या आकड्यावर (एफ/१६ सारख्या) ठेवली तर दुसऱ्या रिंगने ॲपर्चर विनाटप्पे बदलता येतं. व्हिडिओ काढणाऱ्यांना याहून काय हवं?

माझी लेन्स एम४२ आहे. रिंग फिरवली तरी पाकळ्या हलत नाहीत.

लेन्सवर ‘ए’ आणि ‘एम’ असा छोटा खटका आहे का बघा. असेल तर ‘एम’वर करा, प्रश्न मिटला. खटका नसेल (हेलिओसच्याच काही नंतरच्या आवृत्त्यांवर तो नाही) तर पाठीमागची पिन कायम दाबून ठेवणारा अडॅप्टर घ्यावा लागेल. एम४२ च्या अडॅप्टरमध्ये दोन प्रकार मिळतात: आतून साधा आणि आतल्या बाजूला कड असलेला. ती कडच लेन्स आट्यात घट्ट बसली की पिन दाबते. घेताना कड आहे का ते विचारून घ्या, नाहीतर लेन्स जन्मभर पूर्ण उघडीच राहील. क्वचित एखाद्या लेन्सला ही कड जास्त दाबते आणि फोकस रिंग जड होते. अशा वेळी साधा अडॅप्टर आणि खटकावाली लेन्स हीच जोडी बरी.

कॅनन एफडी लेन्सचं काय?

एफडी लेन्सला अडॅप्टरची मदत लागतेच, नाहीतर पाठीमागची कांडी मोकळी राहते आणि पाकळ्या रिंगचं ऐकत नाहीत. त्यासाठी एफडी अडॅप्टरवर स्वतःची एक रिंग असते, बहुधा ‘लॉक’ आणि ‘ओपन’ अशा खुणांची. ‘लॉक’ला लेन्सची रिंग पाकळ्या हलवते, ‘ओपन’ला आकडा काहीही असला तरी लेन्स पूर्ण उघडी. फोकस ‘ओपन’ला आणि फोटो ‘लॉक’ला असा प्रीसेटसारखा उपयोगही करता येतो. लेन्सची रिंग ‘ए’ या हिरव्या खुणेवर ठेवू नका, आकड्यांवर ठेवा. तरीही काही हललं नाही तर लेन्स काढून पुन्हा बसवा, बहुतेक वेळा अडॅप्टरच्या पिनेने कांडी पकडलेली नसते.

एफडी लेन्स कॅननच्याच ईएफ डीएसएलआरवर चालेल असं वाटून अनेकजण फसतात. एफडीचं अंतर ४२ मिमी, ईएफचं ४४. लेन्स दोन मिमी लांब पडते, त्यामुळे भिंग असलेला अडॅप्टर लावल्याशिवाय दूरचं फोकस होत नाही, आणि ती स्वस्तातली भिंगं चित्राची वाट लावतात.

निकॉनच्या जुन्या लेन्स निकॉनच्याच डीएसएलआरवर सरळ बसतात ना?

बसतात, पण कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर हे बघितल्याशिवाय बसवू नका. एफ माउंट १९५९ चा, आणि १९७७ साली निकॉनने ‘एआय’ पद्धत आणली. त्यात ॲपर्चर रिंगची मागची कड बॉडीवरच्या एका छोट्या दात्याला ढकलते आणि रिंग कुठे आहे ते बॉडीला कळतं. त्याआधीच्या, म्हणजे नॉन-एआय लेन्सची कड पूर्ण गोल असते. ती दाता असलेल्या बॉडीवर जोराने बसवली तर दाता मोडू शकतो. डीएफ या मॉडेलमध्ये दाता वर उचलून ठेवता येतो, म्हणून ते अपवाद.

ओळखायची खूण सोपी आहे. एआय लेन्सवर ॲपर्चरचे आकडे दोन ओळींत असतात, एक मोठी आणि माउंटलगत एक बारीक. एकच ओळ दिसली तर थांबा.

आता बॉडी. डी७००, डी७२००, डी७५०, डी८५० यांसारख्या मॉडेलना दाता आहे. मेनूमध्ये ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’त फोकल लेंथ आणि सर्वांत मोठं ॲपर्चर भरलं की ‘ए’ आणि ‘एम’ मोडमध्ये मीटर चालतो, व्ह्यूफाइंडर उजळ राहतो आणि फोटोच्या माहितीत ॲपर्चरही नोंदवलं जातं. जुन्या लेन्ससाठी डीएसएलआरमध्ये यापेक्षा चांगली सोय नाही. डी३५००, डी५६०० यांना दाताच नाही. त्यावर लेन्स बसते, शटर दाबल्यावर पाकळ्याही रिंगप्रमाणे मिटतात, पण मीटर पूर्ण बंद. ‘एम’ मोडमध्ये एक फोटो काढायचा, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा, सुधारायचं. डी७५०० लाही दाता नाही, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून वरच्या श्रेणीतला आहे असं समजून विकत घेऊ नका.

निकॉनवर ‘एफईई’ असं काहीतरी येतं.

लेन्स निकॉनच्या एएफ-डी मालिकेची किंवा तिच्या आधीची ऑटोफोकस लेन्स आहे. तिच्यात चिप असल्यामुळे ॲपर्चर बॉडीच्या डायलने बदलायचं असतं. रिंग सर्वांत बारीक भोकाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यावर (बहुधा केशरी रंगातल्या) न्या आणि तिथला छोटा खटका लावून टाका. खूण जाईल.

निकॉन झेडवर एफटीझेड अडॅप्टरने जुन्या लेन्सचं ॲपर्चर चालतं का?

एएफ-डी आणि ‘जी’ मालिकेच्या (ॲपर्चर रिंग नसलेल्या) लेन्सचं चालतं, अडॅप्टरमध्ये कांडी हलवायची सोय आहे. एएफ-डीचा ऑटोफोकस मात्र चालत नाही, कारण अडॅप्टरमध्ये स्क्रू फिरवणारी मोटर नाही. एआय आणि तिच्या नंतरच्या एआय-एस लेन्ससाठी दाता नसल्यामुळे स्टॉप डाउन पद्धत: रिंग फिरवा, शटर आपोआप जुळेल.

निकॉनच्या ‘जी’ मालिकेच्या लेन्सवर रिंगच नाही. ती सोनी किंवा फुजीवर लावली तर?

अशा लेन्ससाठी अडॅप्टरवरच रिंग असते. ती लेन्सची कांडी सरकवते. सोनी-मिनोल्टा ए माउंटच्या लेन्सचंही तसंच, त्यांच्यावर १९८५ पासूनच रिंग नाही. अडचण अशी, की अडॅप्टरच्या रिंगवर खरे आकडे नसतात, नुसत्या खुणा किंवा चढता पट्टा असतो. थोडीशी फिरवली तरी बराच फरक पडतो.

आकडा काढायचा एक मार्ग आहे. ‘ए’ मोड, आयएसओ पक्का, कॅमेरा एकसारख्या उजेडातल्या साध्या भिंतीकडे. रिंग पूर्ण उघडी ठेवून शटर स्पीड बघा. समजा एफ/१.४ च्या लेन्सला १/२००० आला. रिंग हळूहळू फिरवा. १/१००० झाला की तुम्ही एफ/२ वर आहात, १/५०० ला एफ/२.८, १/२५० ला एफ/४. प्रत्येक ठिकाणी अडॅप्टरवर बारीक पेनाने ठिपका करा. ठिपके त्या लेन्सपुरतेच खरे, हे लक्षात ठेवा.

कॅनन ईएफ लेन्स साध्या अडॅप्टरवर लावली तर ॲपर्चर कायम उघडंच?

हो. वीज पोचत नाही, मोटर हलत नाही. सरळ उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर. तो नसेल तर एक जुगाड आहे. लेन्स कॅननच्या बॉडीवर लावा, एफ/८ निवडा, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि ते दाबलेलं असतानाच लेन्स काढा. पाकळ्या एफ/८ ला तशाच राहतात. पुन्हा उघडायच्या तर परत बॉडीवर लावावी लागते, त्यामुळे एखाद्या दिवसापुरतं ठीक.

आतच स्वतंत्र पाकळ्या बसवलेले अडॅप्टरही मिळतात. त्यांच्या नादी लागू नका. त्या पाकळ्या लेन्सच्या मध्ये नसून मागे असतात. त्यांनी प्रकाश कमी होतो, पण कोपरे काळे पडतात आणि डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे किती भाग धारदार दिसतो ते) अपेक्षेप्रमाणे बदलत नाही.

पेंटॅक्स बॉडीवर पेंटॅक्सचीच जुनी एम लेन्स, आणि प्रत्येक फोटो उघड्या ॲपर्चरचा येतोय.

तुम्ही ‘एव्ही’ मोडमध्ये असणार. रिंगवर ‘ए’ ही खूण नसलेल्या के आणि एम मालिकेच्या लेन्स त्या मोडमध्ये पूर्ण उघड्याच राहतात. मेनूमध्ये ॲपर्चर रिंग वापरायची परवानगी द्या, ‘एम’ मोडमध्ये या, रिंगवर आकडा निवडा आणि हिरवं बटण दाबा. कॅमेरा क्षणभर पाकळ्या मिटतो, प्रकाश मोजतो, शटर ठरवतो आणि पुन्हा उघडतो. मग फोटो काढा. उजेड बदलला की परत हिरवं बटण. वाचायला किचकट वाटेल, पण अंगठ्याला सवय झाली की पटकन होतं. १९८३ पासूनच्या ‘ए’ खूण असलेल्या लेन्सना हे काही करावं लागत नाही, रिंग ‘ए’वर ठेवली की डायल काम करतो.

फोकस उघड्या ॲपर्चरला करायचा की मिटलेल्या?

यावर वाद आहेत. उघड्या लेन्सला फोकसमधली पट्टी पातळ असते, त्यामुळे नेमकं कुठे धारदार आहे ते लगेच कळतं. मिटलेल्या लेन्सला फोकस पीकिंगचे (धारदार कडा दाखवणारे) रंगीत ठिपके अर्ध्या चित्रावर चमकतात आणि सगळंच फोकसमध्ये आहे असा भास होतो. म्हणून एफ/८ किंवा त्यापुढे फोटो काढायचा असेल तर उघडून फोकस करा, मग मिटा.

पण एफ/१.२, एफ/१.४ च्या बऱ्याच जुन्या लेन्समध्ये गोलीय विपथन भरपूर असतं. काचेच्या कडेतून येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच ठिकाणी जुळत नाहीत. लेन्स मिटली की कडेचे किरण अडतात आणि फोकसची जागा थोडी सरकते. एफ/१.४ ला पापणीवर केलेलं फोकस एफ/२.८ ला कानाकडे सरकलेलं दिसतं. एफ/८ ला डेप्थ एवढी वाढते की सरकलेलं झाकून जातं, मधल्या आकड्यांना झाकलं जात नाही. म्हणून एफ/२ ते एफ/४ च्या पट्ट्यात ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यालाच, चित्र मोठं करून फोकस करा.

डीएसएलआरवर आणखी एक पेच. आजच्या ऑटोफोकस बॉडींचे फोकसिंग स्क्रीन उजळपणासाठी बनवलेले असतात. साधारण एफ/२.८ पेक्षा मोठ्या ॲपर्चरची खरी डेप्थ ते दाखवतच नाहीत. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) वापरा. मिटलेल्या लेन्सवर डीएसएलआरचा मीटरही कधी कधी चुकतो, लाइव्ह व्ह्यूमध्ये मोजणी सेन्सरवर होते म्हणून तो तक्रारीला जागा देत नाही.

पाकळ्यांवर तेल दिसतंय. लेन्स टाकाऊ का?

कशावर वापरणार त्यावर आहे. फोकसच्या आट्यांमधलं ग्रीस जुनं होऊन त्यातलं तेल सुटतं आणि पाकळ्यांवर पसरतं. बॉडीच्या कांडीवर चालणाऱ्या लेन्सला हे घातक, कारण शटर उघडण्याआधी पाकळ्या क्षणार्धात मिटायला हव्यात. चिकटल्या की फोटो गरजेपेक्षा उजळ येतो, आणि तोही कधी येतो, कधी नाही. मिररलेसवर पाकळ्या आधीच मिटलेल्या असतात, घाई कुणालाच नसते. म्हणून थोडंफार तेल चालून जातं. विकत घेताना पाठीमागची पिन पाच-सहा वेळा पटापट दाबून सोडा. पाकळ्या सुस्तपणे परतत असतील तर डीएसएलआरसाठी ती लेन्स नको. पाकळ्यांना स्वतः स्पिरिट लावत बसू नका, पातळ झालेलं तेल वाहत काचेवर जातं.

बारीक ॲपर्चरला चित्राच्या मध्यभागी फिकट डाग येतो.

सेन्सर फिल्मपेक्षा चकचकीत असतो. त्याच्यावरून परतलेला प्रकाश जुन्या लेन्सच्या मागच्या काचेवर आपटून पुन्हा सेन्सरवर येतो. एफ/११, एफ/१६ ला तो गोळा होऊन दिसतो. एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) उघडा. एवढ्या बारीक आकड्यांना विवर्तनामुळे (बारीक भोकातून प्रकाश पसरल्यामुळे) धारही जातेच, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही.

फोकल रिड्यूसर लावला की रिंगवरचे आकडे खरे राहतात का?

नाही. रिड्यूसर म्हणजे चित्र आक्रसवून उजळ करणारा भिंगवाला अडॅप्टर. ०.७१ पटीचा रिड्यूसर एक स्टॉप प्रकाश वाढवतो. रिंगवर एफ/२ असेल तर लेन्स एफ/१.४ सारखी वागते. मीटर ते आपोआप धरतो.

मिरर लेन्सवर ॲपर्चर रिंग सापडतच नाही.

कारण नाहीच. ५०० मिमी एफ/८ च्या आरशाच्या लेन्सना पाकळ्या नसतात, मध्ये दुय्यम आरसा असतो. प्रकाश शटर, आयएसओ किंवा एनडी फिल्टरने (प्रकाश कमी करणाऱ्या काळसर काचेने) सांभाळायचा.

फोटोच्या माहितीत ॲपर्चर नोंदवायचंच असेल तर?

चिप लावलेले अडॅप्टर मिळतात, पण बहुतेक चिपा एकच ठरावीक आकडा लिहितात, तुम्ही रिंग कुठेही फिरवा. चुकीच्या नोंदीपेक्षा कोरी जागा बरी. फारच गरज असेल तर रिंग बदलल्यावर बोटांनी आकडा दाखवून एक फोटो काढा: चार बोटं एफ/४, दोन्ही हातांची मिळून आठ बोटं एफ/८. नंतर संगणकावर ती माहिती भरता येते. फोकल लेंथ मात्र मेनूमध्ये हाताने जरूर भरा. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) त्या आकड्यावर चालतं, आणि ५० ची लेन्स काढून १३५ लावल्यावर तो बदलायचा राहिला तर रिंग कुठेही असो, चित्र हललेलंच येईल.